खांदमळणी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर असो वा घाटाखाली, बैलांची खांदमळणी होते. कामातून मोकळ्या केलेल्या बैलाला न्हाऊ घालून गोठ्यासमोर उभे करतात, आणि घरधनी कोमट पाणी, तूप व हळद घेऊन त्याचा खांदा, म्हणजे वर्षभर जू वाहून वाहून जेथले कातडे निबर झाले, केस झडले आणि कित्येकदा जखमही झाली तो नेमका भाग, हलक्या हाताने चोळतो, शेकतो, आणि उद्याच्या जेवणाचे त्याला आवतण देतो. दुसऱ्या दिवशीच्या झुली, बाशिंगे, तोरण आणि वाजतगाजत निघणारी मिरवणूक यांची शोभा मोठी खरी. परंतु या सणाचा गाभा मला लहानपणापासून त्या आदल्या संध्याकाळीच जाणवत आला आहे, कारण पूजा करणाऱ्याचा हात त्या वेळी रंगवलेल्या शिंगाकडे न जाता झिजलेल्या खांद्याकडे जातो.

पुढे आश्विनात खंडेनवमी येते. त्या दिवशी शस्त्रांची व अवजारांची पूजा होते. विळा, कुऱ्हाड, तराजू, शिवणयंत्र, मोटारसायकल यांना हळदकुंकू लागते, आणि आमच्या घरी आई फ्रीजच्या दारालाही एक बोट लावते. जड वस्तूची ही पूजा म्हणजे धर्म की केवळ पिढ्यानुपिढ्या चालत आलेली वहिवाट, आणि धर्म असेल तर त्याचे मुख्य अंग कोणते, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडलेला होता. गेल्या वैशाखात तो स्वयंपाकघरातून उठून माझ्यापुढे उभा राहिला.

माझे घर खामगावात, सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या एका जिनिंगच्या वाऱ्यावर आहे. घाटावरच्या बुलढाण्याला उन्हाळ्याच्या रात्रीही थोडा गारवा मिळतो. पण खामगाव, नांदुरा, मलकापूर या घाटाखालच्या मुलखात पारा ४४ अंशांपलीकडे गेला तर कोणास नवल वाटत नाही. उष्ण प्रदेशांसाठी म्हणून जे फ्रीज बनवतात तेदेखील भोवतालच्या ४३ अंशांपर्यंतच्या उष्म्याचा हिशेब धरून बनवलेले असतात, म्हणजे वैशाखात आमच्याकडे ते यंत्र आपल्या सामर्थ्याच्या सीमेवर उभे असते. अशाच एका दुपारी आमचा सोळा वर्षांचा फ्रीज गारवा देईनासा झाला. मागून टक् असा आवाज येई, क्षणभर घरघर होई, आणि पुन्हा सारे शांत. आत आईच्या इन्सुलिनच्या कुप्या होत्या, ज्यांना २ ते ८ अंशांच्या दरम्यान ठेवावे लागते. आईने गडबड केली नाही. लहानसे कोरे मडके घेतले, परातीत ओली वाळू घालून त्यात ते बसवले, कुप्या डब्यात घालून आत ठेवल्या आणि वरून ओले फडके झाकले.

शेजारी जमले. एकाने साडेसातीचा दाखला दिला, दुसऱ्याने जुने यंत्र मोडीत घालून हप्त्यांवर नवे आणण्याची तजवीज सांगितली. फ्रीजदुरुस्ती करणारे गृहस्थ मात्र हंगामामुळे चार दिवस येऊ शकत नव्हते, त्यांनी फोनवरून इतकेच विचारले, "भाऊ, मागची जाळी शेवटची कधी साफ केली होती?" सोळा वर्षांत त्या जाळीला एकदाही हात लागलेला नव्हता, हे कबूल करताना मला जी शरम वाटली ती आजही स्मरते.

पिन काढून, फ्रीज भिंतीपासून पुढे ओढून मी मागे पाहिले. काळ्या नळ्यांच्या त्या जाळीवर रुईचे तंतू, पिठाची धूळ आणि फोडणीचा तेलकट धूर यांची एक जाड गोधडी विणली गेली होती. जुन्या रंगाच्या ब्रशाने ती सोडवू लागलो तशी तिच्या पट्ट्याच्या पट्ट्या निघाल्या आणि सुपडी भरली. फिरून पुढे आलो तर दारावर गेल्या खंडेनवमीचे कुंकवाचे बोट अद्याप पुसट दिसत होते. ज्या अंगाला पूजा पोचली ते अंग स्वच्छ होते, आणि ज्या अंगाने यंत्र श्वास घेत होते ते सोळा वर्षे कोंडलेले होते.

मग बर्फाचा कप्पा उघडला. त्याच्या भिंतींवर दोन बोटे बर्फ चढला होता आणि माझा हात सवयीने सुरीकडे गेला. "अरे, सुरी नोको लावू," आई म्हणाली, "गरम पाण्याचं गंज ठेव आत, आपोआप सुटते ते." तिचे म्हणणे शास्त्राला धरून होते, त्या पातळ पत्र्याआड शीतक वायूच्या नळ्या असतात आणि सुरीचे टोक एकदा आत गेले की वायू निसटून यंत्राचा प्राणच जातो. तासाभरात बर्फाची पाटी अखंड घसरून खाली आली. शेवटी दाराचे रबर तपासले. दारात दहा रुपयांची नोट धरून दार लावले आणि ती ओढली. वरच्या बाजूस ती घट्ट अडकली, खालच्या कोपऱ्यात अलगद सुटून आली. त्या कोपऱ्यात वाळलेल्या आमरसाचा थर होता. साबणाच्या कोमट पाण्याने तो धुतला, गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने रबर शेकून पूर्ववत वळवले. आणि शेकता शेकता मला एकदम उमगले की आपण या क्षणी करीत आहोत ती खांदमळणीच आहे.

या ठिकाणी त्या यंत्राचे स्वरूप थोडे न्याहाळले पाहिजे, कारण ज्याचे स्वरूप कळले नाही त्याची सेवा अंधारातच होते. फ्रीज थंडी निर्माण करतो ही समजूत बरोबर नाही. कॉम्प्रेसर वायूला दाबतो, दाबाने तप्त झालेला वायू मागच्या जाळीतून फिरताना आपली उष्णता खोलीतल्या हवेला देऊन द्रवरूप होतो, पुढे एका केसासारख्या बारीक नळीतून सुटताच त्याचा दाब उतरतो, आणि आतल्या कप्प्यात त्याची पुन्हा वाफ होताना तो तेथील उष्णता शोषून घेतो. माठाच्या अंगावर पाझरलेले पाणी वाफ होऊन जाताना आतल्या पाण्याची उष्णता नेते, तोच हा नियम. फरक एवढाच की माठाचे पाणी उडून जाते आणि यंत्र आपला द्रव परत गोळा करते. आपल्या वैशेषिकांनी शीत स्पर्श हा जलाचा भावरूप गुण मानला, उष्ण स्पर्श तेजाचा, आणि पृथ्वी व वायू यांचा स्पर्श उष्णही नव्हे व शीतही नव्हे असे सांगितले. आधुनिक पदार्थविज्ञान शीताला स्वतंत्र सत्ता देत नाही. त्याच्या मते शीत म्हणजे उष्णतेचे न्यूनत्व. परंतु अभाव हादेखील एक पदार्थ आहे, त्याचीही गणना केली पाहिजे, असा आग्रह धरणारे उत्तरकालीन वैशेषिकच होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन दृष्टींमधील अंतर वाटते तितके दुस्तर राहत नाही. फ्रीजमध्ये आपण जे जतन करतो ते एका अभावाचे जतन होय.

आणि अभावाचे जतन फार कष्टाचे असते. उष्णता थंड वस्तूकडून तप्त वस्तूकडे आपण होऊन कधीही जात नाही, हा नियम जर्मन शास्त्रज्ञ क्लाउझिअस यांनी १८५० साली मांडला. त्याचा अर्थ असा की आतला गारवा टिकवायचा तर बाहेरून अखंड श्रम ओतले पाहिजेत आणि आत घेतलेली उष्णता बाहेर टाकण्याचा मार्ग अखंड मोकळा राहिला पाहिजे. जाळीवर रुईची गोधडी चढली की हा मार्ग अडतो, कॉम्प्रेसर तापतो, आणि जळून जाऊ नये म्हणून त्याचे संरक्षक बटण टक् करून वीज तोडते. ज्याला शेजारी साडेसाती म्हणत होते तो टक् आवाज वस्तुतः त्या मुक्या यंत्राचा अर्ज होता आणि माझ्या दप्तरी तो वाचला गेला नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मीमांसकांनी कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले. संध्या, अग्निहोत्र यांसारखी नित्यकर्मे केल्याने विशेष फळ लाभावे अशी अपेक्षा नसते, पण ती न केल्याने प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. ग्रहण, जन्म अशा निमित्ताने करावयाची ती नैमित्तिक. आणि स्वर्ग, पुत्र अशा कामनेने केलेली ती काम्य. नित्यकर्माला फळ नाही पण ते टाळल्यास दोष आहे, हे विधान तरुणपणी मला कोरडे वाटत असे. त्या वैशाखात त्याचा अर्थ मला जाळीसमोर बसून कळला. जाळी झाडल्याने फ्रीज पूर्वीपेक्षा अधिक थंड होत नाही, कोणी वाखाणत नाही, घरात काही नवे येत नाही. परंतु ती न झाडल्यास एके दिवशी म्हाताऱ्या आईचे औषध मडक्यात ठेवण्याची पाळी येते. निगा हे नित्यकर्म, दुरुस्ती हे नैमित्तिक, आणि नव्याची खरेदी हे काम्य होय. पहिल्याची हयगय करून आपण दुसऱ्याचा तगादा ओढवून घेतो, आणि दुसऱ्याला कंटाळून तिसऱ्याच्या मागे लागतो.

हे नित्यकर्म फार मोठे नाही. वर्षातून दोनदा, आणि जेथे रुई किंवा धूळ उडते तेथे अधिक वेळा, पिन काढून मागची जाळी कोरड्या ब्रशाने झाडावी. जाळी पत्र्याआड असेल तर बाजूंना व मागे मोकळी जागा तरी सोडावी. बर्फ बोटाच्या अर्ध्या जाडीइतका झाला की वितळू द्यावा. भाजीच्या कप्प्याखाली पाणी साचू लागले तर मागील भिंतीतले पाणी वाहून जाण्याचे बारीक छिद्र तुंबले आहे असे समजून त्यात खाण्याचा सोडा घातलेले कोमट पाणी सोडावे. पुढचे पाय मागच्यांहून किंचित उंच ठेवावेत, म्हणजे दार आपल्या भाराने मिटते. वीज गेली आणि लगेच आली तर पाचेक मिनिटे थांबून मगच यंत्र चालू करावे, कारण आतला दाब समतोल होण्यास तेवढी मुदत लागते.

पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात याला आणखी एका कर्तव्याची जोड मिळते. संग्रामपूर तालुक्यात माझ्या बहिणीकडे आपोआप बर्फ पाडणारा मोठा फ्रीज आहे. त्यातील खडे प्रथम लहान व पोकळ पडू लागले आणि मग पडेनासेच झाले. पाण्याची तोटी बंद करून, पिन काढून, मागे पाणी आत घेणाऱ्या झडपेतील बारीक जाळी काढून पाहिली, तर बोअरच्या पाण्यातील क्षारांनी ती पांढरी, दगडासारखी झालेली. रात्रभर लिंबाच्या रसात भिजवून ती धुतली, बर्फाच्या साच्यात पाणी सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी गोठलेला खडा गरम फडक्याने वितळवला, आणि पुढे गाळलेले गोडे पाणीच जोडले. ज्या भूमीत आपण राहतो तिचे गुणदोष आपल्या यंत्राच्या नाड्यांतही उतरतात, म्हणून आपली भूमी ओळखणे हादेखील निगेचाच भाग आहे.

परंतु कर्माबरोबर शास्त्राने अधिकारही सांगितला आहे, आणि त्याची मर्यादा येथे कसोशीने पाळली पाहिजे. वायू भरणे, नळीला डाग देणे, कॉम्प्रेसर उघडणे ही कामे जाणकार मेकॅनिकची. हल्लीच्या बहुतेक फ्रीजमधील आयसोब्युटेन हा वायू ज्वालाग्राही असतो, आणि पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर पिन काढून तज्ज्ञाला बोलावणे एवढेच आपले कर्तव्य उरते. आपला अधिकार कोठे संपतो हे ओळखणे ही त्याची पहिली अट होय.

कोणी म्हणेल, एका उपकरणासाठी धर्मशास्त्राचा एवढा बडिवार कशाला? या आक्षेपाला उत्तर देताना मला विनोबांचे स्मरण होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी उतरून घेतली; त्यांत यज्ञाचा एक अर्थ त्यांनी असा सांगितला आहे की आपल्या वापराने सृष्टीची जी झीज होते ती भरून काढणे म्हणजे यज्ञ. फ्रीजला तर हा अर्थ अक्षरशः लागू पडतो. जुन्या फ्रीजमधील वायू आकाशात जाऊन पृथ्वीचे ओझोनचे छत्र विरळ करू लागले, तेव्हा १९८७ च्या माँट्रिअल करारान्वये जगातील राष्ट्रांना त्यांचा बंदोबस्त करावा लागला. आणि आजही जे यंत्र आपण अकाली मोडीत घालतो त्याचे लोखंड, तांबे व प्लास्टिक या सृष्टीनेच पुरवलेले असते. शिवाय या यंत्राच्या कुळात करुणाही आहे. फ्लोरिडातील डॉक्टर जॉन गॉरी यांनी तापाने तळमळणाऱ्या रुग्णांच्या खोल्या थंड ठेवण्याच्या खटपटीतून बर्फाचे यंत्र उभे केले, त्याचे पेटंट त्यांना १८५१ साली मिळाले. आईच्या कुप्या सांभाळणारा आमचा फ्रीज त्याच वंशातला.

म्हणून माझा निवाडा असा की जड वस्तूची पूजा हा धर्मच आहे, आणि झीज कोठे झाली ते शोधून तेथे हात लावणे हे त्याचे मुख्य अंग आहे. हळदकुंकू ही त्या कृतीची मुद्रा होय, कृतीवाचून ती रिकामी राहते. शेगावी गजानन महाराजांच्या मंदिरात जाणाऱ्याला तेथील स्वच्छता प्रथम दिसते. झाडणी हातात घेऊन मुकाट्याने फरशी झाडणारा सेवेकरी गाभाऱ्यातील पुजाऱ्याइतकाच पूजेत असतो, हे वऱ्हाडातल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. आपल्या घरात ते आठवले पाहिजे एवढेच.

त्या रात्री नऊ वाजता फ्रीजमधील तापमापकावर ५ अंश दिसले आणि आईने मडक्यातील कुप्या परत जागेवर ठेवल्या. वाचकहो, येत्या खंडेनवमीला कुंकवाची कुयरी हाती घेण्यापूर्वी पिन काढा, फ्रीज हातभर पुढे ओढा आणि एकदा त्याच्या मागे पाहा.