चंचीतलं पाकीट

धारूर तालुक्यातल्या आबांनी तीस वर्षं ऊसतोडीची मुकादमकी केली. किती कोयते, कुणाची किती उचल, सगळं तोंडपाठ. ताप अंगावर काढून कुणी फडात उतरलं की डाफरायचे, "लपवशील तर पडशील, अन् येशील माझ्या गळ्यात!"

पुढं आबांनाच कॅन्सर झाला. मुंबईत एका नव्या औषधाच्या चाचणीत नाव लागलं. गोळीआधी ईसीजी, काही तासांनी पुन्हा ईसीजी, दर वेळी तीन-तीन, वर रक्तही काढायचं. आबा वैतागले. "ताई, दुखणं गाठीत, अन् चिमटे छातीला?"

ईसीजी काढणारी ताई बीडकडचीच निघाली. "आबा, नवा बैल आधी कशाला जुंपता?"

"रिकाम्या गाडीला."

"औषधांचंही तसंच. २००५ च्या ई-१४ नावाच्या आंतरराष्ट्रीय सूचनेप्रमाणं बहुतेक नवी औषधं धडधाकट माणसांना देऊन हृदयाचा ताल तपासतात. कॅन्सरचं जहाल औषध निरोग्याला कसं द्यायचं? इथं नवा बैल थेट भरल्या गाडीला. म्हणून पावलापावलाला बघायचं."

मग तिनं कागदावरच्या रेघेवर बोट ठेवून क्यूटी दाखवलं. एक ठोका सुरू झाल्यापासून हृदय पुढच्यासाठी सावरेपर्यंतचा वेळ. तो फार लांबला तर ताल बिघडतो, आणि हिंडता-फिरता माणूस उभ्या उभ्या कोसळू शकतो.

तिसऱ्या खेपेला आकडा ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला. गोळी तिथंच थांबवली. "उलट्या? जुलाब? दुसरं काही घेतलं?" आबांचं एकच, "काहीच नाही." गाठ उतरत होती, आता नाव कटलं तर?

बायकोनं त्यांची चंची ओढून घेतली आणि अर्धं संपलेलं पाकीट टेबलावर ठेवलं. "चार दिस झालं उलट्या हायेत. येष्टीत बसायच्या आधी ही घेत्यात." ऑन्डॅनसेट्रॉन. उलटीची साधी गोळी, पण तीही क्यूटी लांबवते. त्यात उलट्यांनी पोटॅशियम उतरलेलं. सगळा दोष नव्या औषधाच्या माथी बसला असता, आणि पुढच्या रुग्णांचा डोस याच आकड्यांवरून ठरायचा होता.

"फडात लोकांला काय म्हणायचा तुम्ही?" बायकोनं विचारलं. आबा फरशीकडं बघत राहिले.

पोटॅशियम भरलं, आकडा खाली आला, कमी डोसनं गोळी पुन्हा सुरू झाली.

पुढच्या खेपेला आबांनी आत येताच खिसे टेबलावर रिकामे केले. खोकल्याची बाटली, गुडघ्याच्या गोळ्या, तंबाखूची पुडी.

"लिहा, ताई."

"तंबाखू पण?"

"ती आधी लिहा," बायको म्हणाली.