पुरावा मागणाऱ्याची जागा

१९६२ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे ख्यातनाम शल्यविशारद ओवेन वँगेनस्टीन यांनी अल्सरवर एक नवा उपचार मांडला. रुग्णाच्या घशातून एक फुगा जठरात उतरवायचा, त्यात शून्याखाली थंड केलेले अल्कोहोल नळीवाटे तासभर खेळवायचे आणि जठराचे अस्तर गोठवायचे. मग आम्ल कमी पाझरेल आणि व्रण भरून येईल, असा तर्क होता. त्या काळी अल्सर हाताबाहेर गेला की जठराचा भाग कापून काढावा लागे. चिरफाड न करता गुण येतो म्हटल्यावर रुग्णांना आणि डॉक्टरांना हायसे वाटणे साहजिक होते. सुरुवातीच्या रुग्णांना आराम पडल्याचे छापूनही आले. गोठवणारी यंत्रे बाजारात आली, रुग्णालयांनी ती विकत घेतली आणि हजारो रुग्णांची जठरे गोठवली गेली.

हा आराम फुग्यातल्या थंडीने पडतो की आपल्यावर काहीतरी मोठा उपचार झाला या भावनेने, हे मात्र कोणी नीट तपासले नव्हते. ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने तपासले. अनेक रुग्णालयांतील १६० रुग्ण घेतले. साधारण निम्म्यांच्या फुग्यात गोठवणारा द्रव सोडला, बाकीच्यांच्या फुग्यात शरीराइतकाच कोमट. कोणाला काय मिळाले, हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि नंतर त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही नव्हते. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. महागडी यंत्रे अडगळीत गेली.

याच अल्सरच्या इतिहासातला पुढचा अध्याय अधिक बोलका आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना अल्सरच्या रुग्णांच्या जठरात एक जिवाणू सापडला. आम्लात जिवाणू तग धरूच शकत नाहीत, असे तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूंचा द्राव स्वतः प्यायला आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. तरीही अँटिबायोटिकने अल्सर बरा करावा, अशी शिफारस अमेरिकेतील राष्ट्रीय पातळीवरच्या तज्ज्ञ मंडळाने केली ती १९९४ मध्ये. नोबेल मिळायला २००५ साल उजाडले.

ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहावीत. पुराव्याविना आलेला उपचार बघता बघता पसरला आणि पुराव्यासह आलेला दहा वर्षे उंबरठ्यावर ताटकळला. डॉक्टर भोळे होते म्हणून फसले, असे म्हणावे तर हीच मंडळी जिवाणूच्या बाबतीत कमालीची संशयी निघाली. कारण सोपे आहे. अल्सर म्हणजे आम्लाचा विकार, हे सर्वांनी आधीच मान्य केले होते. गोठवण्याची कल्पना त्या समजुतीत चपखल बसली, जिवाणूची बसली नाही. दोन्ही वेळा बहुतेकांनी आधी चार सहकाऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि पुरावा नंतर वाचला.

यामागे एक हिशेब असतो. सगळ्यांबरोबर चुकलेल्याला कोणी जाब विचारत नाही. ‘तेव्हाची तीच पद्धत होती’ म्हटले की प्रकरण मिटते. एकट्याने वेगळी वाट धरली आणि ती चुकली, तर नोकरी, नाव, पत सगळे पणाला लागते. इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ च्या आपल्या ग्रंथात गुंतवणूकदारांच्या वागण्याचा उलगडा करताना याच हिशेबावर बोट ठेवले होते. शिवाय एकदा यंत्र विकत घेतले, विभाग उघडला, माणसे नेमली की माघार घेणे म्हणजे आपल्याच सहीला खोटे ठरवणे होते.

आपल्याकडे हाच हिशेब अभियांत्रिकी शिक्षणात दिसतो. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळाली. गरज खरी होती, मराठी मुले शिक्षणासाठी देणगी भरून परराज्यांत जात होती. पण पुढे गरजेची जागा चढाओढीने घेतली. शेजारच्या तालुक्यात महाविद्यालय निघाले म्हणून आपल्याकडेही निघाले आणि मग अशी वर्षे आली की हजारो जागा रिकाम्या राहिल्या, काही संस्थांना कुलूप लागले. आता सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या जागा कमी करून कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्सच्या वाढवण्याची घाई आहे. हे विषय महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. पण शिकवणार कोण, प्रयोगशाळेत काय असणार, चार वर्षांनी या मुलांना काय येत असेल, हे प्रश्न प्रवेशफेरीच्या धामधुमीत मागे पडतात. प्राचार्यांना ते कळत नाहीत असे नाही. जागा रिकाम्या राहिल्या तर जाब त्यांना द्यावा लागतो. मुले कच्ची राहिली तर कोणालाच द्यावा लागत नाही.

म्हणून ‘विवेकाने वागा’ एवढा उपदेश पुरेसा नाही, हिशेबच बदलायला हवा. कोणतीही संस्था नवी पद्धत स्वीकारते त्याच दिवशी तिने लिहून ठेवावे : हिचा उपयोग झाला हे आम्ही कशावरून ठरवू, केव्हा तपासू आणि काय दिसले तर ती सोडू. तपासणी ती पद्धत स्वीकारणाऱ्यांकडे न देता बाहेरच्यांकडे द्यावी. आणि बैठकीत ‘पुरावा काय?’ असे विचारणाऱ्याला अडथळा आणणारा न मानता त्याचा प्रश्न इतिवृत्तात नोंदवावा, उत्तरासह.

रुग्णालयाच्या समितीत, शाळेच्या व्यवस्थापनात, बँकेच्या संचालक मंडळात आपल्यापैकी अनेकजण बसतात. पुढच्या बैठकीत ‘सगळेच करताहेत’ हे कारण पुढे आले, तर ‘पुरावा काय?’ हा प्रश्न तुम्ही विचारा. दुसऱ्या कोणी विचारला, तर त्याला एकटे पडू देऊ नका.