हाणामारीतला अभिनय

मिशेल यो यांची कारकीर्द सांगताना चित्रपटांचे प्रकार मोजण्याचा मोह होतो. हाँगकाँगचे मारधाडपट, १९९७ चा बाँडपट, 'क्रेझी रिच एशियन्स'सारखी प्रेमकथा, मार्व्हलचा 'शांग-ची', २०२४ चा संगीतपट 'विकेड'. यादी मोठीच आहे. पण नुसत्या यादीतून त्यांचं मोठेपण कळत नाही.

मलेशियातल्या इपोह शहरात जन्मलेल्या यो लंडनला बॅले शिकल्या. पाठीच्या दुखापतीने नर्तकी होणं राहून गेलं. १९८५ मध्ये 'येस, मॅडम'मध्ये त्या पोलीस अधिकारी झाल्या, तेव्हा हाणामारीसाठी कामाला आली ती नाचाने अंगात मुरवलेली शिस्त: तोल, ताल, नेमक्या क्षणी थांबणं. 'सुपरकॉप'मध्ये (१९९२) धावत्या आगगाडीवर मोटरसायकल त्यांनी स्वतः उडवली. असल्या कामाला आपण धाडस म्हणतो, अभिनय म्हणत नाही. मला हा भेद मुळातच चुकीचा वाटतो.

आंग ली यांचा 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' (२०००) पाहावा. यो यांना तेव्हा मँडरिन येत नव्हती. संवाद त्यांनी केवळ उच्चार घोकून पाठ केले. चित्रीकरणात गुडघ्याला गंभीर इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली. तरी त्यांची शू लिएन मनात घर करते. चाऊ युन-फॅट तिचा हात आपल्या गालाशी धरतो, तेव्हा ती जवळजवळ काहीच करत नाही. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं प्रेम त्या आवरलेल्या हातात दिसतं. तलवार पेलताना जो ताबा लागतो, तोच इथे आहे. 'क्रेझी रिच एशियन्स'मधली करारी आईही माजाँगच्या पटाशी ताठ बसूनच दरारा निर्माण करते. प्रकार बदलले, साधना बदलली नाही.

'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स'ची मध्यवर्ती भूमिका आधी जॅकी चॅन यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली जात होती. पुढे ती लाँड्री चालवणारी, कराच्या कागदांत बुडालेली एव्हलिन झाली. या एकाच बाईत यो यांनी हाणामारी, विनोद आणि आईपण एकत्र आणलं, आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या आशियाई अभिनेत्री ठरल्या. तेव्हा त्या साठ वर्षांच्या होत्या. ज्यांनी त्यांना इथूनच पाहायला सुरुवात केली, त्यांनी 'सुपरकॉप' जरूर पाहावा, आणि तोही अभिनय म्हणूनच पाहावा.