कॅमेरा जपायचा की वापरायचा?

2015 मध्ये लायका या कॅमेरा कंपनीने संगीतकार लेनी क्रॅविट्झच्या कल्पनेतून 125 कॅमेऱ्यांची खास आवृत्ती काढली. कारागिरांनी काळा रंग हाताने घासून खालचं पितळ उघडं केलं, जणू वर्षानुवर्षं वापरलेला कॅमेरा. कपाटात बंद राहणाऱ्या वस्तूवर अशा खुणांना काय अर्थ?

ॲरिस्टॉटलच्या मते संपत्ती बाळगण्यापेक्षा वापरण्यात असते.

लायकाचा जनक ऑस्कर बारनाक 105 क्रमांकाच्या कॅमेऱ्याने घरच्यांचे फोटो काढत असे. 2022 मध्ये तोच कॅमेरा लिलावात 1 कोटी 44 लाख युरोंना गेला. वापराने त्याचं मोल वाढलंच. उलट बंद, दमट कपाटात भिंगाला बुरशी लागते, जुन्या यांत्रिक शटरचं वंगण घट्ट होतं.

एकमेव उरलेला नमुना संग्रहालयाने जरूर जपावा. बाकीच्यांनी कॅमेरा बाहेर काढावा आणि आपल्या माणसांचे फोटो काढावेत.