वही भरली, पुढे काय?

काय रे, 'मिटिगेट' म्हणजे काय? 'कमी करणे.' झालं? एवढ्यावर छाती फुगली? मग त्याखालचं हे वाक्य कुणाचं? 'द कंपनी मिटिगेटेड हिज सॅलरी.' पगार मिटिगेट केला म्हणे! पगार कापला तर तो रिड्यूस होतो. मिटिगेट करायला आधी काहीतरी वाईट असावं लागतं. नुकसान, धोका, त्रास. ते समूळ जात नाही, त्याची धार बोथट होते. डिक्शनरीत अर्थाखालीच उदाहरण असतं. तू तिथवर गेलासच नाहीस. पहिला मराठी शब्द दिसला, हायलायटर फिरवला, पान उलटलं.

आणि तू इंदापूर तालुक्यातला! तुला हा शब्द मी शिकवायचा? 1876 ते 78च्या दुष्काळात दख्खन होरपळली. 1885च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याला पाणी आलं, बारामती-इंदापूरचं रान भिजायला लागलं. त्यानं पाऊस वाढला का? नाही. दुष्काळ कायमचा हटला का? टेलला राहतोस ना, मग तूच सांग. आवर्तन लांबलं की ऊस कसा पिवळा पडतो, हे तुला कुठल्या पुस्तकात वाचावं लागत नाही. झळ कमी झाली, इतकंच. 'द कॅनाल मिटिगेट्स द इफेक्ट्स ऑफ ड्रॉट.' हे वाक्य तुझ्या बांधावर पडलं होतं. ते सोडून कंपनीच्या पगारात कशाला नाक खुपसलंस?

पुढच्या पानावर आणखी एक दिवा. 'मिटिगेट अगेन्स्ट.' अरे, तो 'मिलिटेट'! दिसायला सारखा, काम निराळं. एखाद्या गोष्टीच्या आड येणं म्हणजे मिलिटेट अगेन्स्ट. 'युवर लेझिनेस मिलिटेट्स अगेन्स्ट युवर सक्सेस.' हे उदाहरण खास तुझ्यासाठी केलंय, उतरवून घे.

'सर, आम्ही मराठी मीडियमचे.' हे तुणतुणं आता पुरे. मोल्सवर्थ कुठल्या मीडियमचा होता? लष्करातला इंग्रज. इकडे येऊन मराठी शिकला आणि 1831 साली मराठी-इंग्रजी कोश छापून मोकळा झाला. तो राहू दे, परका माणूस. याच बारामतीत मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण रचलं. ओठाला ओठ लागेल असं अक्षर सबंध रामायणात येऊ द्यायचं नाही! आणि त्यांच्याच गावात बसून तुला एक शब्द एका वाक्यात धड बसवता येत नाही?

वेळ मिळत नाही म्हणतोस. कुणाला सांगतोस हे? सकाळी आठला अभ्यासिकेत बॅग ठेवून जागा धरतोस. दिवसभर बॅग अभ्यास करते, तू टपरीवर कटिंग मारत कटऑफची चर्चा करतोस. मोबाईलमध्ये टेलिग्रामवरून उतरवलेल्या शब्दांच्या पीडीएफ ढिगानं आहेत. त्यातली एक तरी शेवटपर्यंत उघडलीस का? उतरवली म्हणजे वाचली, असं कुणी सांगितलं तुला?

तू मठ्ठ असतास तर मी घसा कोरडा केला नसता. पाण्याच्या एका पाळीत किती गुंठे भिजतील, हे तू तोंडी सांगतोस. कारखान्यानं वजन मारलं तर काट्यावरच धरतोस. तिथं डोकं चालतं, मग इंग्रजीचं पान आलं की त्याला गंज कसा चढतो? राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025पासून वर्णनात्मक झाली आहे. गोल काळे करून सुटायचे दिवस गेले. तिथं स्वतःचं वाक्य लिहावं लागतं, आणि तुझी वाक्यं कशी असतात ते आत्ताच पाहिलं.

आज नवीन शब्द एकही घ्यायचा नाही. मिटिगेटची पाच वाक्यं. उजनीचा फुगवटा, डाळिंबावरचा तेल्या, गारपीट, पीकविमा, काय हवं ते घे, पण वाक्य तुझं पाहिजे. उद्या सकाळी दाखवायचं. आणि त्यात पुन्हा कुणाचा पगार दिसला ना, तर वही खिडकीबाहेर जाईल.