पुढे काय झाले?

आपल्या सणांत जनावरांना मान आहे. दिवाळी उजाडते तीच मुळी वसुबारसेला, गाईवासराच्या पूजेने. बैलाला पोळा आहे, आणि दसऱ्याला घोड्याच्या गळ्यात झेंडूची माळ पडते. ही पूजा करताना आपण एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. ते जनावर आपल्या दारातले आहे, त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे आणि आज रात्री ते कोणत्या दाव्याला असेल हेही ठाऊक आहे. उपकार मानायचे तर ज्याचे मानायचे तो समोर तरी हवा. मला हल्ली प्रश्न पडतो तो दारातून निघून गेलेल्या जनावराचा. त्याचे पुढे काय झाले हे विचारण्याचे बंधन आपल्यावर आहे की नाही?

हा प्रश्न मला शर्यतीच्या घोड्यांमुळे पडला, आणि त्याला कारण आहे. ज्याच्या कुळाची नोंद अत्यंत चोख ठेवलेली आहे असा प्राणी शोधू लागलो तर माणसाच्या आधी शर्यतीच्या घोड्याचे, म्हणजे थरोब्रेडचे, नाव घ्यावे लागेल. त्याच्या वंशावळीचे पुस्तक इंग्लंडात १७९१ साली निघाले आणि आजही चालू आहे. आज जगात जितके थरोब्रेड पळतात त्या सर्वांची बापाकडची परंपरा मागे नेत गेले तर ती तीनच घोड्यांपाशी जाऊन थांबते : बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. आपल्यापैकी कितीजणांना पणजोबांच्या वडिलांचे नाव चटकन सांगता येईल? मला तर त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांची वहीच उघडावी लागेल. शिंगरू जन्मले की त्याचे आईबाप, रंग, कपाळावरचा टिळा, पायांचे पांढरे सगळे लिहिले जाते. नावालाही नियम आहेत; अमेरिकेत ते अठरा अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. पुढे तो पळू लागला की सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत त्याचा हिशेब राहतो.

आणि शेवटची शर्यत झाली की वही मिटते. नराला वळू म्हणून किंवा मादीला शिंगरांसाठी ठेवले तर नोंद आणखी काही वर्षे चालते. खच्ची केलेल्या घोड्याला तीही सोय नाही. घोडा नीट सांभाळला तर पंचवीस-तीस वर्षे जगतो. त्याचे पळणे बहुधा सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत संपलेले असते, पुष्कळांचे त्याआधीच. म्हणजे चारपाच वर्षांची नोकरी, वीस वर्षांची निवृत्ती, आणि पेन्शन नाही. उलट ह्या वीस वर्षांत तो दरसाल काही हजार डॉलर खातो.

माझे एक काका महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर नेमाने जात. वीस-वीस वर्षांपूर्वीचे घोडे, त्यांचे जॉकी, कोण किती अंतराने जिंकला, सारे त्यांना तोंडपाठ. लहानपणी मी त्यांना विचारी, ‘काका, मग त्या घोड्याचे पुढे काय झाले?’ ते रेसच्या पुस्तकातून मान वर न करता म्हणत, ‘पुढे काय व्हायचंय? तो संपला.’ आजीच्या कहाण्या जशा ‘सुफळ संपूर्ण’ला थांबतात, तशा काकांच्या साऱ्या कहाण्या जिंकण्याच्या खांबापाशी थांबत.

खांबाच्या पुढची एक कहाणी अमेरिकेतल्या फर्डिनंडची आहे. १९८६ साली त्याने केंटकी डर्बी जिंकली. त्याच्यावर स्वार झालेला बिल शूमेकर तेव्हा चोपन्न वर्षांचा होता आणि घोडा तयार करणारे चार्ली व्हिटिंगहॅम त्र्याहत्तर वर्षांचे. लोकांनी त्या दोघांना आणि त्या तांबूस घोड्याला डोक्यावर घेतले. पुढच्या वर्षी त्याने ब्रीडर्स कप क्लासिक ही मोठी शर्यत नाकभर अंतराने जिंकली आणि १९८७ चा सर्वश्रेष्ठ घोडा म्हणून त्याचा गौरव झाला. त्याने मालकाला सदतीस लाखांवर डॉलर मिळवून दिले. १९८९ पासून तो केंटकीत वळू म्हणून राहिला. पण त्याची शिंगरे काही फारशी पळेनात. १९९४ साली तो जपानला विकला गेला. तिथे होक्काइदो बेटावर पहिल्या वर्षी त्याच्याकडे सत्याहत्तर घोड्या आणल्या गेल्या, सहाव्या वर्षी दहा. त्यानंतर तो तिथून हलला. २००३ साली एका पत्रकार बाईंनी त्याचा माग काढायला सुरुवात केली. आधी सांगण्यात आले की तो एका स्नेह्याला दिला. मग दुसरेच काही सांगण्यात आले. शेवटी कळले की आदल्या वर्षीच त्याची विल्हेवाट लावण्यात आली. जपानी भाषेत त्यासाठी जो शब्द वापरतात त्याचा अर्थ अगदी आपल्या ‘विल्हेवाट’ इतकाच गार आहे. फर्डिनंड कत्तलखान्यात गेला असे तेव्हापासून धरले जाते. त्याच्या आधी, १९९७ साली, एक्सेलर नावाचा घोडा स्वीडनमध्ये असाच गेला होता. १९७८ साली एकाच शर्यतीत अमेरिकेच्या दोन त्रिमुकुटधारी घोड्यांना मागे टाकणारा. १९९९ साली त्याला तिथल्या कीर्तिमंदिरात स्थान मिळाले. तेव्हा तो जाऊन दोन वर्षे झाली होती.

ह्यात दोष कोणाला द्यायचा? घोड्याचे मांस खाण्याची चाल जपानात आहे, युरोपातही आहे. त्यावर नाक मुरडण्याचा मला अधिकार दिसत नाही. विकणाऱ्याने कायद्याने विकले, घेणाऱ्याने कायद्याने घेतले. मला टोचते ते दुसरेच. तो गेल्यावर काही महिने कोणाला पत्ताच नव्हता. ज्याच्या आजोबाच्या आजोबाचे नाव छापील सापडते, तो स्वतः कुठे आहे हे सांगता येईना. आणि हे न कळणे निव्वळ अपघात होता असेही मला वाटत नाही. न कळण्यात पुष्कळांची सोय होती.

ही सोय कशी उभी राहते ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच शर्यती अशा असतात, की त्यांत उतरलेला प्रत्येक घोडा ठरलेल्या किमतीला विक्रीस असतो. घेणाऱ्याने शर्यतीपूर्वी चिठ्ठी टाकायची. शर्यत संपली की घोडा नव्या मालकाचा. घोडा थकत चालला, की त्याला खालच्या किमतीच्या शर्यतीत उतरवतात, मग त्याखालच्या. पाच-सहा वर्षांत त्याला दहाबारा मालक होतात. पहिला म्हणतो, मी त्याला धडधाकट विकला. मधला म्हणतो, माझ्याकडे तो तीनच महिने होता. शेवटचा म्हणतो, माझ्याकडे आला तेव्हाच लंगडत होता. तिघेही खरे बोलतात. एका माणसाच्या खांद्यावर जे ओझे जाणवले असते, ते बारा खांद्यांवर वाटले की कोणालाच जाणवत नाही. आणि घोडा मात्र एकच असतो, त्याला बाराव्या भागाने भूक लागत नाही.

फर्डिनंडच्या बातमीने काही माणसे बेचैन झाली. काही त्याच्याही आधीपासून बेचैन होती. त्यांनी जे काम आरंभले ते दिसायला अगदी कारकुनी आहे. कोणत्या घोड्याची किंमत भराभर उतरते आहे, कोण बरेच दिवस शर्यतीच्या यादीत दिसला नाही, कोणाचे वय वाढले आणि तो खच्ची केलेला आहे, ह्याच्या याद्या करायच्या. जुन्या मालकांना कळवायचे. पेनसिल्व्हेनियात न्यू हॉलंड नावाच्या गावी सोमवारी घोड्यांचा लिलाव भरतो. तिथे जाऊन घोड्याचा वरचा ओठ उलटून पाहायचा. आतल्या बाजूला गोंदलेले असते : एक अक्षर आणि काही आकडे, अक्षरावरून जन्मसाल कळते. आकडे जुळवले की नाव निघते. खोगीर गेलेले, फासळ्या दिसताहेत, पाठीवर विक्रीच्या क्रमांकाची चिठ्ठी डकवलेली. आणि ओठाखालून एकदम एक नाव बाहेर येते, आईबापांसकट. त्या क्षणापर्यंत तो ‘एक घोडा’ असतो. नंतर मात्र ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर उरत नाही, आणि माग काढणाऱ्यांचे खरे काम मला तेच वाटते.

फोन केल्यावर काही जुने मालक रातोरात गाडी पाठवतात. काही म्हणतात, विकलेल्या वस्तूशी माझा संबंध काय? आणि ह्या कामात एक वाईट पेचही आहे. दयाळू माणसे पैसे मोजतात हे दलालांच्या लक्षात आले. मग कत्तलखाना जे देईल त्याहून चढी किंमत सांगून घोडे अडकवून ठेवण्याचाच धंदा सुरू झाला. सोडवावा तर दलालाच्या हाती पुढच्या घोड्यासाठी भांडवल पडते. न सोडवावा तर डोळ्यांसमोरचा हा ट्रकमध्ये चढतो. अमेरिकेतले शेवटचे कत्तलखाने २००७ साली बंद झाले, तेव्हा ट्रक मेक्सिकोकडे आणि कॅनडाकडे वळले. प्रवास तेवढा लांबला. ओठ उलटून नाव वाचल्यावर ह्या पेचातून स्वच्छ हातांनी बाहेर पडण्याची वाट मला तरी दिसत नाही. तरीही मी सोडवणाऱ्याच्या बाजूचा आहे. हिशेब पुढच्या घोड्याचा असतो, नाव मात्र ह्या घोड्याचे वाचलेले असते.

कोणी म्हणेल, माणसे उपाशी असताना हे श्रीमंतांच्या घोड्यांचे कौतुक कशाला? आक्षेप सोपा नाही. पण घोड्यावाचून वाचलेला पैसा उपाशी माणसाकडे गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही. शिवाय इथे भूतदयेपेक्षा देण्याघेण्याचा प्रश्न मोठा आहे. ह्या प्राण्याला आपण जन्मालाच घातले ते आपल्या करमणुकीसाठी. १९८६ ह्या एका सालात उत्तर अमेरिकेत अशी सुमारे एक्कावन्न हजार शिंगरे नोंदली गेली. सगळ्यांचे फर्डिनंड कुठून होणार?

महाभारतात द्रोणपर्वात एक सुंदर प्रसंग आहे. जयद्रथवधाच्या दिवशी, ऐन रणात, घोडे थकलेले पाहून श्रीकृष्ण ते सोडतो, त्यांच्या अंगातले बाण काढतो, त्यांना चोळतो, पाणी पाजतो. कीर्तनकार हे रंगवून सांगतात आणि ते ऐकताना डोळे भरून येतात. पण त्या वेळी जयद्रथ अजून जिवंत होता. घोड्यांची गरज होती. युद्ध संपल्यावरचा प्रसंग शल्यपर्वात आहे. आधी अर्जुन रथातून उतरतो, मग कृष्ण. आणि कृष्ण उतरताच रथ पेटून भस्म होतो. रथ जळाल्याचे आपल्याला सर्वांना ठाऊक असते. श्लोकात लगामांबरोबर, जुवाबरोबर घोडेही जळाल्याचे सांगितले आहे. अर्जुन चकित होऊन विचारतो की रथ कसा जळाला, आणि कृष्ण त्याचे उत्तर देतो. घोड्यांविषयी अर्जुन काही विचारत नाही. व्यासांनी तो एक शब्द मुद्दाम ठेवला की ओघात आला, कोण सांगणार? मला मात्र आता तो श्लोक तिथेच अडवतो.

आपल्याकडेही महालक्ष्मीला आणि पुण्याला शर्यती होतात, आणि शर्यतीतून उतरलेले काही घोडे रपेटीला जातात, काही लग्नाच्या वरातीला. पेट्रोमॅक्स गेले, डोळे दिपवणारे दिवे आले, बँड होताच. त्या गोंधळात झालर घालून उभ्या असलेल्या घोड्याचे मूळ नाव काय, असे वऱ्हाडातल्या कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

फर्डिनंडनंतर थोडेफार बदलले. २००४ साली केंटकीतल्या एका नव्या आश्रमाने जपानातून दोन जुने विजेते परत आणले. सिल्व्हर चार्म हा १९९७ चा डर्बी विजेता जपानला गेला होता. काम संपल्यावर त्याला परत घेता यावे अशी सोय त्याच्या करारातच होती, आणि २०१४ च्या डिसेंबरात तो खरोखर परत आला. २०१७ पासून जन्मलेल्या शिंगरांच्या ओठावर गोंदत नाहीत. मानेत तांदळाएवढी चिप बसवतात, आणि यंत्र जवळ धरले की क्रमांक उमटतो. अमेरिकन जॉकी क्लबने २०११ पासून आणखी एक साधी सोय केली आहे. आपल्या जुन्या घोड्याला कधी आसरा लागला तर मला कळवा, असे कोणालाही त्या घोड्याच्या नावापुढे नोंदवून ठेवता येते. त्याला पैसे पडत नाहीत. कोणी त्या घोड्याचा एकेकाळचा मालक असतो, कोणी त्याला खरारा करणारा मोतद्दार, कोणी नुसता कठड्यापलीकडून त्याला पळताना पाहिलेला. आणि पुष्कळ घोड्यांच्या नावापुढची जागा अजून रिकामी आहे.