आणि तुम्ही? तुम्ही काय म्हणता?

नवलाख उंबरे हे मावळातलं गाव तुकोबांच्या मुलखात येतं. एका अंगाला भामचंद्राचा डोंगर. तिथं तुकोबांना साक्षात्कार झाला, असं परंपरा सांगते. इंदुरीकडे गेलं की भंडारा लागतो, त्यांच्या चिंतनाची जागा. आता भोवती एमआयडीसी उभी आहे आणि पोटापाण्यासाठी नाना प्रांतांतली, नाना धर्मांची माणसं इथं येऊन राहिली आहेत. तरी या टापूत एक गोष्ट मुरलेली आहे. देवाबद्दल ऐकीव बोलणाऱ्यापेक्षा अनुभवाचं बोलणाऱ्याला इथं मान जास्त. ख्रिस्ती धर्मातल्या तारणाऱ्याविषयी लिहिताना मी इथूनच सुरुवात करतो, कारण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असं एक मोठा मराठी कवी सांगून गेला आहे.

तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. त्यांचं हे सांगणं हल्ली फार सैलपणे वापरलं जातं. देव सगळे एकच, वाटा तेवढ्या वेगळ्या, असा त्याचा अर्थ लावतात. मला तो पटत नाही. टिळक पूल ओलांडून गेले होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरचं प्रवचन वाचून ते हलले आणि १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यापायी बायको आणि मुलगा काही वर्षं दुरावले. दोन्ही काठ सारखेच वाटत असते, तर एवढी किंमत कुणी मोजली नसती. तुकोबांचं ऋण त्यांनी जन्मभर मानलं, आणि तरीही येशूचं नाव घेताना ते वेगळ्या कुणाचं तरी नाव घेत होते.

मग हा वेगळा कोण? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात येशू स्वतःच हे विचारतो. फिलिप्पाच्या कैसरियाच्या परिसरात तो शिष्यांना आधी विचारतो, लोक काय म्हणतात? उत्तरं भराभर येतात: योहान, एलिया, यिर्मया. मग तो विचारतो, आणि तुम्ही? इथं पेत्र एकटा बोलतो. तू ख्रिस्त, जिवंत देवाचा पुत्र. उत्तर बरोबर आहे आणि येशू त्याला धन्य म्हणतो. पण पुढच्याच काही ओळींत, आपल्याला दुःख सोसून मरावं लागेल असं येशू सांगतो, तेव्हा हाच पेत्र त्याला अडवायला जातो आणि कडक बोलणी खातो. नाव बरोबर घेतलं होतं, पण ज्याचं नाव घेतलं तो कसा आहे हे अजून उमगलेलं नव्हतं. हे एवढ्या जवळ जवळ लिहून ठेवणाऱ्याला माणसाची श्रद्धा नीट कळली होती, असं मला नेहमी वाटतं.

चर्चने या प्रश्नाची उत्तरं ठरावांत बांधली. ३२५ साली निकीयाच्या परिषदेत पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरलं, ४५१ साली खाल्सेदोनला तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस आहे असं ठरलं. हा शब्दांचा कीस नव्हता. तो देव नसेल, तर त्याचं तारणं देवाचं ठरत नाही. तो माणूस नसेल, तर ते आपल्यापर्यंत पोहोचत नाही. ठराव हवेतच. पण ठराव पाठ असणारा माणूसही पेत्रासारखा वाट अडवून उभा राहू शकतो.

पंडिता रमाबाईंची हकीकत मला या जागी सगळ्यात मोलाची वाटते. संस्कृतात तयार झालेली, दुष्काळात आईबाप गमावलेली, नवरा वारल्यावर लहानग्या मनोरमेला घेऊन १८८३ साली इंग्लंडला गेलेली ही बाई. तिथल्या ख्रिस्ती धर्मभगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचं काम दाखवलं. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथं मायेने सावरलं जात होतं. रमाबाईंनी विचारलं, या बायकांची तुम्हाला एवढी काळजी का? उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारी विहिरीवर आलेली, पाच नवरे झालेली, यहुद्यांनी दूर ठेवलेल्या जमातीतली बाई. आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो. कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाच्या नाही, हे जिथं जन्मतःच ठरतं, त्या देशातून आलेल्या रमाबाईंना ही गोष्ट कशी ऐकू आली असेल! त्या सप्टेंबरात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आणि लगेच वाद सुरू झाला. त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन; रमाबाई तिला प्रेमाने आजीबाई म्हणत. या आजीबाईंना त्यांनी १८८५ च्या सुमारास लिहिलेली पत्रं आजही दचकवतात. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचं देवपण, चर्चचा अधिकार, सगळ्यावर त्या प्रश्न विचारतात. भटाभिक्षुकांचं जोखड आत्ताच कुठं मानेवरून उतरलं आहे, तेव्हा पाद्र्यांचं दुसरं मी घेणार नाही, असा त्यांचा सूर होता. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत काय कमी पवित्र आहे, हाही त्यांचा सवाल होता. सिस्टरला यात गर्व दिसला. मला यात प्रामाणिकपणा दिसतो. ज्याच्यासाठी आपण आपली माणसं दुखावली, त्याच्याबद्दल उसनं उत्तर देणं त्यांना शक्यच नव्हतं.

पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मवृत्त वाचताना, तो त्यांना आपला तारणारा म्हणून भेटला. म्हणजे शंकेतून त्या श्रद्धेबाहेर पडल्या नाहीत, आत गेल्या. त्यांना गप्प केलं असतं तर एक मुकाट ख्रिस्ती बाई तेवढी मिळाली असती.

इथं एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. प्रत्येकाने आपापलं उत्तर द्यायचं म्हटलं, तर प्रत्येकजण आपल्या सोयीचा ख्रिस्त घडवील. श्रीमंताचा वेगळा, चळवळ्याचा वेगळा. हे घडतं, रोज घडतं. पण रमाबाईंनी आपली श्रद्धा स्वतःच्या मर्जीवर सोडली नाही. केडगावला त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आख्खं बायबल मुळावरून मराठीत आणण्याचं काम वर्षानुवर्षं करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते छापून निघालं. जो आपल्याला भेटला असं वाटतं तो ग्रंथातलाच आहे ना, हे शब्दाशब्दाला ताडून पाहण्याची ही धडपड होती. दुसरी कसोटी केडगावलाच त्यांनी उभारलेल्या मुक्ती मिशनची. १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी बायका-मुली त्यांनी तिथं आणल्या. आपला तारणारा कोण, हे त्यांनी त्या मुलींच्या ताटात वाढून दाखवलं.

नारायण टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई, त्यांचा मार्ग आणखी निराळा. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून त्यांनी बदलला नाही. ख्रिस्ती माणसांत राहायला आल्यावरही त्यांनी सोवळं सोडलं नव्हतं. मग विचार करता करता एक दिवस त्यांचं पक्कं झालं, की ही जातपात देवाने केलेली नाही. त्या कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. आधी पाणी, मग ख्रिस्त. हा क्रम कुठल्याही प्रश्नोत्तरीत बसत नाही, पण शोमरोनी बाईच्या गोष्टीत बसतो.

आपल्याकडे धर्म हा घराचा, जातीचा, गावाचा असतो. म्हणून एखाद्याचं मन वळलं की पहिला सवाल असतो, कोणी वळवलं? १८९३ मध्ये रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेवरून पुण्यात गदारोळ झाला, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, तेव्हाही तोच सवाल होता आणि आजही वर्तमानपत्रांत तोच असतो. त्या माणसाला काय दिसलं, हे कुणी विचारत नाही. चर्चही पुष्कळदा विचारत नाही; नोंदवहीत नाव चढलं की काम झालं असं धरून चालतं.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती. मिशनमधल्या अनेकांना ते रुचलं नाही आणि दोनच वर्षांत टिळक वारले. दरबारात शिस्त कमी पडली असती, हे मला मान्य आहे. बाप्तिस्म्याला मी गौण मानत नाही. पण आज नवलाख उंबऱ्यात, तळेगावात, लोणावळ्यात कुणी ‘आणि तुम्ही?’ या प्रश्नाशी एकटाच झगडत असेल, घर सोडलेलं नाही, चर्चचा उंबरा ओलांडलेला नाही, तर त्याला बसायला जागा कोणी द्यायची? रमाबाईंना बाप्तिस्म्यानंतरही आठ वर्षं लागली. तेवढा वेळ मंडळीने त्यालाही द्यावा, आणि त्याच्या पत्रांना उत्तरं लिहावीत.